डावी कड

21 एप्रिल
माकडहाड दुखते. सकाळी नाही. दुपारी चारनंतर, बसस्टँडची दुकानं उरकून बाजाराकडं वळलो की सुरू.
आज मोजलं. गाडीवर 74 वेळा चढलो, 74 वेळा उतरलो. पिग्मीच्या पावत्या 81. सात दुकानं पायी.

22 एप्रिल
घरी आल्यावर सीट अंगठ्यानं दाबून पाहिली. अंगठा सरळ खालच्या पाटीला टेकला. गाडी 2014 ची स्प्लेंडर, आकडा 87,412. सीट तीच. वरचं कव्हर तीनदा बदललं, आतलं कधी उघडलं नाही. घरातल्या गाद्या दर दोन वर्षांनी पिंजाऱ्याकडं जातात.
टाकीजवळ रेक्झिन फाटलंय. तिथं दुधाची पिशवी खोचलेली. कधी खोचली, आठवत नाही.

26 एप्रिल
सासरी. बाबा तसेच. उजवी बाजू गेलेली, बोलणं नाही. डोळे मात्र सगळीकडं फिरतात. मेहुण्यानं अमरावतीहून हवेची गादी आणली. खाली छोटा पंप, दिवसभर घुर्र घुर्र. एक नळी भरते, शेजारची रिकामी होते, मग उलट. लाइन गेली की गादी चपटी.
नांदगावच्या अलीकडं, मोठ्या लिंबाजवळ, बायको म्हणाली, "थांबा जरा, पाणी पिऊ." येतानाही तिथंच. पुन्हा पाणी. भर उन्हात थांबायचं म्हणजे! 43 अंश.

27 एप्रिल
सीट बदलायची. ठरलं.

29 एप्रिल
भाव काढले. कंपनीची ओरिजिनल 1,850, मागवावी लागेल, आठ दिवस. आपल्याकडच्या कुशनवाल्या चाचाकडं फोम आणि कव्हर मिळून 750. पुतण्या म्हणतो, अमरावतीला बाहेरची तयार सीट मिळते, जेलवाली, 1,700 पर्यंत.
चाचाच्या दुकानात दहा-बारा सीटा भिंतीला टेकून उभ्या. शाळेतून काढून दिलेल्या पोरांसारख्या. त्याला विचारलं, कंपनीची आणि तुझी, फरक काय?
"कंपनीचा फोम साच्यात ओतलेला असते भाऊ. आमचा मोठ्या ठोकळ्यातून कापलेला. ते इडली, हे वडी."
स्वतःचाच धंदा पाडणारा माणूस. पिग्मी मात्र रोज 50, एक दिवस खाडा नाही.

1 मे
सुट्टी. पुतण्या आला. म्हणतो, "काका, कंपनी सरासरी माणसाचं माप घेते. तुम्ही सरासरी आहा का?"
खरं आहे. इतकी वर्षं पिग्मी करतो, सरासरी खातेदार अजून भेटला नाही.
मग मोबाइलवर अमेरिकेतलं दाखवलं. आयर्न बट असोसिएशन म्हणून मंडळ आहे. 24 तासांत 1,000 मैल मोटरसायकल चालवली की प्रमाणपत्र. म्हणजे 1,609 किलोमीटर. ती माणसं सीट शिंप्याकडून कपडे शिवावेत तशी मापानं करून घेतात. काही जण वरून हवेच्या पेशींची गादी टाकतात. ती मुळात व्हीलचेअरवाल्यांसाठी निघालेली. बसून बसून जखम होऊ नये म्हणून.
माझं रोजचं 40 किलोमीटर. त्यांना 74 वेळा उतरावं लागत नाही.

3 मे
सासरी. बाबांना बेडसोल झाला. कमरेखाली, माकडहाडावर, रुपयाएवढा. नर्सबाई पट्टी करून गेल्या. "हाड आणि गादीच्या मधी मांस चेंगरते. तिथं रक्त पोचत नाही. गादी कितीबी चांगली आणा, कूस बदलाच लागते." दर दोन तासांनी. मेहुण्याच्या मुलीनं वहीच्या पानावर वेळा लिहून भिंतीला लावल्या. 6 डावी. 8 उताणं. 10 उजवी. रात्रीच्या वेळांपुढं आजीचं नाव.
येताना लिंबाजवळ पाणी.
रात्री उताणा झोपलो नाही.

6 मे
44. गाडी दुकानासमोर पाच मिनिटं उभी केली तरी सीट तव्यासारखी. दुपट्टा घडी करून टाकतो. उतरताना तो माझ्यासोबत येतो, पुढच्या दुकानात मागं लोंबतो. आज मेडिकलवाला हसला.

9 मे
अमरावती. बाहेरची सीट घेतली. 1,650. काळी, वरून चौकटी-चौकटींची शिवण, कडेनं लाल पायपिंग. पुढं खोलगट, मागं पायरी. दुकानदार म्हणाला, टूरिंगची आहे. नेरच्या बाजारातल्या बाजारात टूरिंग.
साइडची कव्हरं काढली, जुनी सोडवली, नवी चढवली. मागचे बोल्ट ओढून ओढून बसले. जुनी माळ्यावर टाकली. माळ्यावर आधीच काय कमी आहे.

10 मे
सासरी नव्या सीटवरून. मला स्वर्ग. कंबरेला मागून टेका मिळतो. अजून पुढं जावं वाटलं.
ती चढताना थबकली. "मी कुठं बसू इथं?" पायरीवर बसली. ब्रेक दाबला की घसरून माझ्या पाठीवर. दोन्ही हातांनी मागची दांडी धरून. डबा मांडीत. रस्त्यात दोनदा थांबवलं, लिंबाजवळ आणि त्याच्या आधी एका पुलावर. पाणी. बाटली भरलेलीच होती.
सासूबाई सीटवरून हात फिरवून म्हणाल्या, "सोफ्यावानी आहे नं!"

12 मे
दुखत नाही. वसुली चांगली.

13 मे
दुखत नाही. चाचाच्या दुकानासमोरून जाताना त्यानं सीटकडं पाहिलं. बोलला काही नाही. 50 दिले.

14 मे
टाच टेकत नाही. हे आधी कसं लक्षात आलं नाही? कंपनीच्या पुस्तकात सीटची उंची 785 मिमी. टेप लावला, नवी 830 भरली. पाच सेंटीमीटरही नाही. पण 74 वेळा.

17 मे
सासरी. आजपासून धोंड्याचा महिना. बाबांची जखम खोल गेली. आज साडी नाही, ड्रेस घालून निघाली, दोन्हीकडं पाय टाकून. गावच्या शिवेवर उतरली, ओढणी डोक्यावरून घेतली, एका बाजूनं बसली. तेवढंच अर्धा किलोमीटर. बाबांनी जन्मात तिला दोन्हीकडं पाय टाकून बसलेलं पाहिलेलं नाही. आता ते खिडकीतून पाहतात तेवढंच.
सासूबाई ड्रेसकडं पाहून गप्प. पुढच्या वेळी साडीच नेसणार, वाटेतच म्हणाली.

18 मे
गुडघा.

19 मे
नवी सीट बसली. दहा दिवसांत. वरचा मऊ थर दाबला जातो आणि खाली काहीच लागत नाही, एकदम पाटी. मऊ म्हणजे चांगलं असं वाटत होतं. मऊ गादी दुकानात बसून पाहायला चांगली.
माकडहाड परत. त्याच वेळेला, चारला. घड्याळ लावून घ्यावं.

20 मे
कुरकुर. खड्ड्यात गाडी गेली की सीट बोलते. उचलून पाहिलं. खालचे रबराचे खुंट चेसिसवर टेकतच नाहीत, एक हवेत लोंबतो. सगळं वजन दोन बोल्टांवर. पुतण्याला फोन केला. म्हणाला, "टायरच्या ट्यूबचा तुकडा घाला." घातला. आता कुरकुर नाही, चुरचुर आहे.

24 मे
सासरी. तशातही सासूबाईंनी धोंड्याचं वाण काढून ठेवलेलं. 33 बत्ताशे, तांब्याचा दिवा, पाकिटात 501. "यंदा अनारसे जमले नाहीत जवाईबापू. रात्री उठा लागते." घेऊ नये वाटलं. न घेणं जास्त वाईट झालं असतं.
मागं गोठ्यात बाबांची राजदूत. शिक्षक होते तेव्हा शाळेत हीच. 173 सीसी, ठोका दोन गल्ल्या आधी ऐकू यायचा म्हणतात. सीट कधीतरी गावातच भरून घेतलेली, काथ्या बाहेर आलाय, उंदरांनी घर केलंय. मी वर बसलो. बारदानाखाली दगड असावा तशी. ती दारात उभी होती. "मी टाकीवर बसत होती," म्हणाली. "आई मागं."
पंपाचा आवाज इथपर्यंत येतो.

25 मे
बत्ताशे शेजारी वाटले.

31 मे
संध्याकाळी वादळ. पत्रे वाजले, लाइन रात्री दोनला आली. ती फोन लावत होती. तिकडं लाइन आहे का, गादी भरली का.

1 जून
सकाळी ऊन. सीट पुसून बसलो. पहिल्या दुकानात उतरलो तर पँट मागून ओली. किराणावाला म्हणाला, "काय झालं भाऊ?" चौकटींची ती सुंदर शिवण. प्रत्येक टाक्याला भोक, प्रत्येक भोकातून पाणी आत. दाबलं की येते. दिवसभर येत राहिलं. जुनीवर वरून एकही टाका नव्हता, सगळी शिवण कडेला. कोणीतरी विचार करून ठेवलेला.

3 जून
गुडघ्यामुळं आज पुतण्यानं गाडी चालवली. माणिकवाड्याच्या रस्त्यानं वसुली. परत येताना अंधार पडत होता, रस्त्यावर कोणी नव्हतं. त्याला म्हटलं, थांब. मी एका बाजूनं बसतो.
"काऊन?"
"चाल तू."
डावीकडं तोंड. डावा पाय फूटरेस्टवर, उजव्याला जागाच नाही, तो डाव्यावर टेकवायचा. समोर पाहायचं तर कंबर पिळावी लागते. नाही पाहिलं तर पोटात मळमळ. सगळं वजन एकाच कुल्ल्यावर, मांडीखाली सीटची कड, तिच्यावर लाल पायपिंग. चाकूची पाठ असते तशी. दांडी डाव्या हाताला मागं, उजव्या हाताला धरायला काही नाही. पुतण्याचा खांदा धरला. त्याला गुदगुल्या झाल्या. पहिल्याच स्पीडब्रेकरला पायरीवरून निम्मा घसरलो. दोन बैलगाड्या समोरून आल्या, गाडीवानानं मान वळवून पाहिलं. पाहू दे.
तीन किलोमीटरनंतर डावा पाय कुठं आहे ते कळेना.
"थांब," म्हटलं. "पाणी पिऊ."
"आत्ताच तं प्यालात काका."

4 जून
झोप नाही.
सकाळी माळ्यावरून जुनी सीट काढली. धूळ झटकली. उलटी नाही, सुलटी ठेवली, अंगणात, उजेडात. आजवर पुढचाच भाग पाहत होतो. मागं उजवी कड दाबली, अंगठा वर आला. नव्यासारखी. डावी दाबली.
पाटी.
हाताच्या पंजाएवढा भाग, बाहेरच्या बाजूला उतरता. रेक्झिनला तिथं घड्या पडलेल्या. कव्हर तीनदा बदललं, प्रत्येक वेळी मीच नेलं, मीच आणलं.
ती कपडे वाळत घालत होती. "काय करून राहिले?"
काही नाही म्हटलं.

5 जून
चाचाकडं जुनी सीट नेली. त्यानं हात न लावताच सांगितलं, "मागची डावी मेली." भिंतीजवळच्या सगळ्या सीटा दाखवल्या. एकेक दाबून पाहिली. अकरापैकी नऊ. दोन राहिल्या त्या कॉलेजच्या पोरांच्या.
"लोक येतात, म्हणतात, पुढं टोचते. मागचं कोनी सांगत नाही. मागं बसनारं इथं येतच नाही नं."
मग म्हणाला, "वैनीले आना एक दिवस."

6 जून
मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाल्याकडं पिग्मी घेताना सहज विषय निघाला. त्यानं पुस्तक काढलं. 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम, नियम 123. मागं बसणाऱ्यासाठी पक्की दांडी हवी, फूटरेस्ट हवा, मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं, कपडे अडकू नयेत म्हणून. ती आपली साडीची जाळी. पुतण्यानं त्याच्या गाडीची काढून टाकलीय. लूक जातो म्हणे.
कपड्यांची काळजी सरकारनं घेतली आहे.

8 जून
मृग लागला. पाऊस नाही. लोक बियाण्याच्या थैल्या घेऊन आभाळाकडं पाहतात. पिग्मी अर्धी.

9 जून
तिला चाचाकडं नेलं. यायलाच तयार नव्हती. "मी काय करू तिथं? लोक काय म्हणतील?"
गाडी डबल स्टँडवर. जुनी सीट बसवलेली. चाचा दुकानाच्या पायरीवर लांब उभा राहिला. खडू माझ्या हातात दिला. "तुम्ही मारा रेघ. वैनी, तुम्ही रोज बसता तसं बसा. फोटोत बसता तसं नाही."
ती बसली. पदर सावरला. मी मांडीच्या खालून कडेकडेनं खडू फिरवला. तिला हसू आलं, मग थांबलं.
"कुठं टोचते?" चाचानं विचारलं.
"इथं." बोट ठेवलं. "आन इथं. आन हे शिवण लागते, इथून." थांबली. "पाय झोपते."
चाचानं मला नाही, तिला विचारलं, "किती दूरवर?"
तिनं माझ्याकडं पाहिलं. "लिंबापर्यंत पुरते."

10 जून
ठरलं ते असं. पाटी कंपनीची. मधला ओतीव फोमही कंपनीचाच, तो अजून जिवंत आहे, मेला तेवढा भाग कापून काढायचा. पुढं माझ्या हाडांखाली चुऱ्याचा दाबलेला कडक स्पंज, दोन बोटं. मागं डावीकडं तोच, पण कड गोल नाही, सपाट, बाहेर दीड इंच जास्त. पायरी नाही. वरून टाका नाही. डाव्या कडेला पायपिंग नाही. रेक्झिन दाणेदार, साडी घसरू नये असं. 900.
501 वाणाचे त्यात घातले. तिला सांगितलं नाही, सासूबाईंनाही नाही.
चाचा म्हणतो, चार दिवस.
तोवर गाडीला ती लाल पायपिंगवाली.

13 जून
बाबांना ताप. तिनं आज एसटीनं जायचं म्हटलं. जाऊ दिलं. संध्याकाळी घरात सगळं जागच्या जागी, तरी काही सापडेना.

14 जून
पाऊस आला. सोयाबीनच्या पेरण्या सुरू. दुकानं उघडी, गल्ले रिकामे. "भाऊ, पेरनं होऊ द्या."
ती आली. पट्टी बदलताना बाबा ओरडत नाहीत आता, म्हणाली.

15 जून
चाचाची मशीन बंद. लाइन.

16 जून
चाचाची मशीन सुरू. रेक्झिन संपलं. यवतमाळहून येणार.

17 जून
संध्याकाळी सात. बसवली. खुंट चारही टेकले, टक् असा आवाज आला. टाच जमिनीवर. चाचानं वरून हात फिरवला. पिना मारायची बंदूक अजून दुसऱ्या हातात. "पंधरा दिवस कडक वाटन. वाटू द्या. मऊ कराले सांगू नका."
घरी आलो. तिला म्हटलं, बसून पाहतेस? "उद्या पाहू," म्हणाली. फोनवर होती.

18 जून
पहाटे 4:10 ला फोन.
अंधारातच निघालो. ती मागं. रिमझिम. लिंबाजवळ तिनं थांबवलं नाही. मीच थांबवली. उतरली नाही. "चला," म्हणाली.

30 जून
तेरवी झाली. पाहुणे गेले. हवेच्या गादीतली हवा मेहुण्यानं काढली, गुंडाळून पिशवीत भरली. अर्धी हवा आतच राहिली, पिशवी फुगून बसली. कोणाला लागली तर द्यायची. पंप बंद आहे तरी आवाज येतोय वाटतं, सासूबाई म्हणाल्या.
भिंतीवरचा कागद तसाच. 6 डावी. 8 उताणं.

2 जुलै
कामावर. 71 वेळा. चार वाजून गेले ते साडेपाचला कळलं.

4 जुलै
बाहेरची सीट पुतण्या घेऊन गेला. त्याच्या गाडीला अर्धा इंच इकडं-तिकडं करून बसली म्हणे. त्याच्या मागं कोणी बसत नाही.

5 जुलै
ती विचारत होती, चाचाला किती दिले. सांगितलं. पाकिटाचंही सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईले सांगजा."

12 जुलै
सासूबाईंना महिनाभरासाठी इकडं आणलं. ती आणि पिशव्या एसटीनं. सासूबाईंना एसटी लागते, उलट्या होतात, म्हणून माझ्या मागं. लुगडं सावरून, डावीकडं तोंड करून बसल्या. एक हात दांडीला, एक माझ्या खांद्यावर. वजन काहीच नाही.
"सावकाश जवाईबापू."
दोन्ही बाजूंना सोयाबीन वर आलेलं. लिंबाजवळ गाडी हळू केली. विचारलं, पाणी पिता का?
"नको जी. कायले थांबता?"
थांबलो.